मिळून आला नाही

नाव नको, वर्ष सांगा, म्हणाला रेकॉर्डचा शिपाई.
नावाने इथे कुणी सापडत नाही.
एकोणऐंशी, मी म्हटलं. किंवा ऐंशी.
शोध-अर्जावर दहाचं तिकीट, थुंकी लावून.

भोईवाडा कोर्टाच्या मागच्या अंगाला
ट्यूबलाइट आहे, तिचं अजून ठरत नाही.
गठ्ठे लाल फडक्यात, गाठी अशा की
बांधणारा रिटायर होऊन गेला असावा
आणि सोडवायचं कुणाला सांगून गेला नसावा.

कॉम्प्युटरला माझा बाप माहीत नव्हता.
वकील म्हणाला, तरी बघून घ्या, बाई,
खोली नावावर करताना कुणीतरी उकरेल,
ठाण्याच्या जुन्या वहीत एक ओळ आहे:
धाकू गोविंद मयेकर, वॉरंट, बजावणी बाकी.
बाकी.
नऊ वर्षं झाली त्याला जाळून.

एका रजिस्टरात तो मायेकर, एकात माणगावकर,
पुढच्यात तर माझा आजाच आरोपी, गोविंद धाकू.
बोट काळं झालं तेव्हा सापडला.
गुन्हा: विनापरवाना रॉकेल.
जप्त: हातगाडी एक, डबे चार, माप एक, चेपलेलं.
ती चेप मला आठवते.
आतल्या बाजूला होती,
आणि ती आपोआप पडलेली नव्हती.

तारखेला तो गेला नाही. मग समन्स. मग वॉरंट.
वॉरंटाच्या पाठीवर, एकाखाली एक, अकरा शेरे,
वर्षाला एक, एकाच हाताचे, जांभळ्या शाईत:
सदर इसमाचा दिलेल्या पत्त्यावर शोध घेतला,
मिळून आला नाही.
गावी गेल्याचे समजते.
हवालदार भोइटे, बक्कल नंबर चार हजार चारशे सतरा.

गावी!
आम्हाला गणपतीतसुद्धा एसटी परवडायची नाही.
हा दिलेला पत्ता म्हणजे आमची दहा बाय दहा,
आणि हे भोइटे म्हणजे टोपीकाका.
टोपी काढून रेडिओवर ठेवायचे,
सदर इसमाच्या मांडीला मांडी लावून
सदर इसमाच्या ताटातला बांगडा निवडायचे,
मला एकोणीसचा पाढा विचारायचे, स्वतःच चुकायचे.
निघताना आई त्यांच्या पिशवीत बाटली ठेवायची
वर्तमानपत्रात गुंडाळून, बुचाला चिंधी.
वास तरी यायचाच.

ह्याला लाच म्हणायचं की येणंजाणं,
शिपायाला विचारावंसं वाटलं.
तो डबा उघडून भेंडी खात होता.
अकरा वर्षं एक वॉरंट
महिन्याला एका बाटलीवर तेवत राहिलं,
वात वर नाही, खाली नाही.

बारावा शेरा निळ्या बॉलपेनचा,
दुसऱ्या कुणाचा, अक्षर घाईचं.
वाक्य तेच. मिळून आला नाही.
तारीख मी दोनदा वाचली.
त्या दिवशी बाप खरंच घरात नव्हता.
नायगावच्या पोलीस लाइनीत गेला होता, खांदा द्यायला.
रात्री आला, दारातच अंगावर पाणी घेतलं,
आणि पानावर बसून म्हणाला,
आता धरतील मला.

कुणी आलं नाही.
कितीतरी वर्षं जिन्यात बूट वाजले की
तो हातातला घास तसाच धरायचा.

दाखला दिला. बृहन्मुंबई महानगरपालिका, मृत्यू, शिक्का.
साहेबांपुढे ठेवतो, म्हणाला शिपाई,
आरोपी मयत म्हणून बंद होईल, आठ-दहा दिवस धरा.
आरोपीशी नातं?
मुलगी.
नक्कल पाहिजे? कुठल्या पानाची?
मागच्या, मी म्हटलं. फक्त पाठीची.
त्याने वर पाहिलं. असं कुणी मागत नसावं.
मग पत्ता लिहा, पिनकोडसकट.

मी लिहिला. खोली एकोणीस, दामजी बिल्डिंग, तोच.
त्याने तो बोट ठेवून वाचला,
आणि विचारलं,
इथे मिळाल ना?